बंदरातला सूर्य आणि आपलं शेततळं

चिखली तालुक्यातलं आमचं उंद्री समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. मग होड्या-बंदराच्या चित्राशी आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बंदर हे निमित्त; चित्रकार रंगवतो तो उजेड. आणि उजेड आपल्या अंगणातही येतो.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र घ्या. ल हाव्र हे त्याचं बालपणीचं गाव. तिथल्या बंदरातली एक सकाळ त्याने १८७२ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून पाहून रंगवली. चित्र जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटरचं. धुक्यात विरलेल्या डोलकाठ्या, पुढे छोट्या होड्या, नारिंगी सूर्य आणि पाण्यावर त्याच्या तुटक रेघा. १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लुई लरुआ या समीक्षकाने चित्राच्या नावावरून थट्टा केली. तेच ‘इम्प्रेशनिस्ट’ नाव पुढे या चित्रकारांनी मिरवलं.

आता गंमत पाहा. या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला, तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो! कारण मोनेने तो भोवतालच्या आभाळापेक्षा उजळ रंगवलेलाच नाही. उजळपणा सारखाच, वेगळा आहे तो रंग. निळसर करड्याशेजारी नारिंगी. हे रंग परस्परविरोधी, म्हणून एकमेकांना उठाव देतात. मेंदू रंग आणि उजळपणा वेगवेगळ्या वाटांनी जाणतो, म्हणून तो सूर्य थरथरल्यासारखा भासतो, असं अभ्यासक सांगतात.

शाळेत मुलं सूर्य पिवळाधमक आणि पाणी निळंच रंगवतात, कारण तसं ठरून गेलेलं असतं. चित्रकलेच्या तासाला गणित उरकून घेणंही अनेकदा ठरून गेलेलं असतं. पण चित्रकला म्हणजे नुसतं रंगकाम नव्हे; समोर जे आहे ते नीट पाहण्याची ती शिकवण आहे. ही सवय लागली नाही, तर माणूस ऐकीव रंगांवरच जन्म काढतो.

म्हणून एक काम सांगतो. शेततळं भरलं की मुलांना सकाळी काठावर न्या. पाण्यात आभाळाचा रंग कुठे, बांधाचा कुठे, बाभळीचा कुठे, ते विचारा. मावळतीला पऱ्हाटीवरचा फुटलेला कापूस पांढराच दिसतो का, तेही पाहू द्या. त्या वेळी उजेड हवेच्या जाड थरातून येतो. निळा वाटेतच विखुरतो, तांबूस उरतो. मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. काय गेलं आणि काय राहिलं, ते मुलंच तुम्हाला सांगतील.