लोकल म्हणजे कुठली?

मिरची-वांगी-भेंडीत आयुष्य घालवलेल्या माझ्या सोबत्यांनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आधीचे अध्यक्ष आपल्याहून मोठे होते, असं सांगायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते खरंही आहे. सचिवांनी पत्रात 'भाजीपाला पैदाशीचा मागोवा घ्यावा' असं लिहिलं होतं. घेतो. पण मला एका शब्दाशी भांडायचं आहे आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते भांडण घशात अडकून बसलं आहे. तेव्हा मागोवा घाईत उरकेल.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एन.पी. ४६-ए आणि पुरी रेड यांच्या संकरातून पुसा ज्वाला आली. लांब, सुरकुतलेल्या हिरव्या मिरचीला भाजीवाल्या अजून ज्वालाच म्हणतात. भेंडीत पुसा सावनी हळद्या रोगाला बळी पडू लागली, तेव्हा परभणीकरांनी भेंडीच्या जंगली भावकीत सोयरीक जुळवून परभणी क्रांती दिली. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली आणि तेव्हापासून आपण त्यावर जेवणाच्या रांगेत भांडतो आहोत. मिरचीचा जीनोम २०१४ मध्ये वाचून झाला. सुमारे साडेतीनशे कोटी अक्षरं, टोमॅटोच्या जवळपास चौपट. झाला मागोवा.

आता तो शब्द. आपल्या प्रत्येक चाचणीच्या तक्त्यात तळाशी एक ओळ असते: 'लोकल चेक'. आपलं नवं वाण तिच्यापेक्षा इतके टक्के सरस, असं लिहून आपण पदव्या घेतल्या, बढत्या घेतल्या. मीही घेतल्या. ती तळाची ओळ कोण, कुठली, कोणाची, हे कुठल्याही परीक्षकानं मला कधी विचारलं नाही. जिला हरवायचं, तिला नावही नाही.

१९८४ साली गडहिंग्लजच्या बाजूला संकेश्वरी मिरचीचे नमुने गोळा करत फिरत होतो. एका आजींनी आढ्याला टांगलेली चिंधी सोडली. राख चोळलेलं बी. मी पाकिटावर लिहिलं, 'लोकल-३'.

"काय लिवलंस?"

"लोकल."

"म्हंजी?"

"म्हणजे इथलीच, आजी."

"हितली न्हवं बाळा. लगीन हून आले तवा आईनं वटीत घातल्यालं बी हाय ह्ये."

आणि त्यांनी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, हिरण्यकेशीच्या पलीकडचं. मी मान डोलावली आणि पाकीट चिकटवून टाकलं. माहेर लिहायला रकाना नव्हता.

दोन वर्षांनी बोकड्या रोगाचं वर्ष आलं. आमच्या प्रक्षेत्रावर मिरचीचा शेंडान् शेंडा चुरगळला. वैतागून मी सगळं उपटायला सांगणार होतो, तोवर लोकल-३ च्या ओळीपाशी पाय थांबले. सगळी नव्हेत, पण बरीच झाडं सरळ उभी होती, फुलं धरून. त्यांचं बी काढलं आणि एका संस्थेच्या शीतखोलीत ठेवलं. संस्थेचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून जेवायला बोलावतात. ती खोली पुढं दोन पावसाळे बंद राहिली, दुरुस्तीची फाईल फिरत राहिली, आणि मी बी पेरलं तेव्हा ट्रेमध्ये एक कोंब वर आला नाही. पुन्हा गडहिंग्लज गाठलं. आजी गेल्या होत्या. सुनेनं वाफ्यात विकतची संकरित रोपं लावली होती. सासूचं माहेर विचारलं तर म्हणाली, "नदीपल्याड कुठंतरी." मी नऊ गावं फिरलो. ते नाव माझ्या कानावर एकदा पडलं होतं, कागदावर पडलं नव्हतं.

मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली. म्हणजे या देशात 'इथलीच' अशी मिरची नाहीच. गोव्याहून ती घाट चढली, बाजारातून आणि लेकींच्या ओटीतून. मिरचीचा नकाशा तालुक्यांचा नाही, सोयरिकींचा आहे. आपण मात्र तालुकावार जीप काढून नमुने गोळा करतो आणि दूरच्या तालुक्यांतल्या दोन ओळींत जवळचं नातं कसं निघालं म्हणून संगणकापुढं डोकं खाजवत बसतो.

हे आजीच्या आठवणीचं रडगाणं आहे, असं मागच्या रांगेत कुणाला वाटत असेल. त्यांच्यासाठी एक कोरडा क्रमांक: पी.आय. १६४८३५. भारतातून अमेरिकेत गेलेल्या मिरचीच्या पाकिटावर हा आकडा पडला. १९५८ मध्ये पीटरसन यांनी याच मिरचीत पेशीद्रव्यातून उतरणारं नर-वंध्यत्व दाखवून दिलं, आणि आज जगभर नर-वंध्य ओळींवर मिरचीचं जे संकरित बी तयार होतं, त्याचा मोठा भाग या एका उगमाचा आहे. देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये संकरित बी करताना बाया संध्याकाळी चिमट्यानं कळीतला नर काढतात, सकाळी पराग लावतात. नर-वंध्य ओळ असली की संध्याकाळचं ते काम वाचतं. एवढा मोठा उपकार करणारी ही मिरची कोणाच्या परड्यातली? आपल्या निबंधांत लिहिलेलं असतं, 'मूळ: भारत'. म्हणजे लोकलच, फक्त तालुक्याऐवजी देश.

मेक्सिकोवाल्यांनी निदान अर्धं काम केलं. जिचा जीनोम २०१४ साली वाचला, मूळकुजीपुढं जी खंबीर उभी राहते, तिचं नाव 'क्रिओयो दे मोरेलोस ३३४'. क्रिओयो म्हणजेही लोकलच. पण पुढं मोरेलोस आहे. कुठं जायचं ते कळतं.

सकाळच्या सत्रात जनुकीय मार्कर श्रेष्ठ की पैदासकाराचा डोळा, यावर आवाज चढले. मी वयाचा फायदा घेऊन ते मिटवतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं बारा ओळी तपासल्या. पन-१ जनुकानुसार बाराही तिखट. आमच्या प्रक्षेत्रावरच्या मावशींनी फळं मोडली, आतल्या पांढऱ्या शिरेला जीभ लावली (तिखट तिथं असतं, बियांत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं) आणि तीन ढीग केले: आमटीची, ठेच्याची आणि पाहुण्यांना न द्यायची. दोघंही बरोबर होते. मार्कर तिखट आहे की नाही ते सांगतो, किती ते मावशी सांगायच्या. पुढं ठेच्याच्या ढिगातली एक ओळ चाचण्यांना गेली. तिच्या वंशावळीत माझी आद्याक्षरं आहेत. मावशींचा हजेरीपट आहे कुठंतरी, अंगठ्यासकट.

भौगोलिक मानांकन आहे ना, असं म्हणाल. आहे. भिवापुरीला आहे, गोव्याच्या खोल्याच्या मिरचीला आहे, ब्याडगीला आहे. बाजारात जिचं आधीच नाव होतं, तिला ते मिळालं. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं, तेही खरं. पण अर्ज करणारा शेतकरी लागतो, आणि आढ्याच्या चिंधीला अर्ज करता येत नाही. गावठी बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडचं एखादं बी उद्या तुमच्या चाचणीत आलं, तर तक्त्यात काय लिहाल? खरं सांगा.

"गावाचं नाव लिहिलं म्हणून बोकड्या थांबतो का?" असं एका तरुण मित्रानं मला काल चहाला विचारलं. थांबत नाही. पण बी मेलं तर परत कुठं जायचं, ते कळतं. मी नऊ गावं फिरलो, त्यानं अजून एकही पाहिलेलं नाही.

तेव्हा माझी मागणी एवढीच. नमुन्याच्या तक्त्याचा एक मसुदा करून आणला आहे. जादा रकाने तीन: बी कोणी दिलं, त्यांना कोणाकडून आलं, आणि बाई असतील तर माहेर कुठलं. तिसऱ्यावर कार्यालय हरकत घेईल, ते मला माहीत आहे. कपाटांतली जुनी 'लोकल' पाकिटं काढून ज्यानं गोळा केली त्या माणसाला, तो जिवंत असेतो, विचारून घ्यायचं, असंही एक काम आहे. त्याला समिती, निधी वगैरे काय लागेल ते पुढच्या वर्षी ठरवू. माझ्याकडं स्वतःची एकोणीस पाकिटं आहेत, त्यांतल्या सातांचं मला काहीच आठवत नाही.

मसुद्याच्या प्रती चाळीसच निघाल्या, दोघांत एक घ्या. वांग्याच्या सत्राला माझ्यामुळं उशीर झाला आहे.