पत्त्यांच्या बोटीवरचे दिवस

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

‘किती जाडी झालीस गं’ असं गेटवरच ओरडून माझं स्वागत करणाऱ्या माझ्या सगळ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. पण आपली मुलंबाळंच आता आपल्याला संगणक शिकवतात, तेव्हा त्यावर मी काय बोलणार? मी दुसरंच बोलणार आहे. गेली अकरा वर्षं मी नक्की काय काम करत होते, ते. तुमच्यातल्या बहुतेकांना मी ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. खरं म्हणजे मी पत्ते पिसत होते.

आपल्या गणिताच्या सरांना आठवत असेल, संभाव्यता समजावी म्हणून ते एकदा वर्गात पत्त्यांची गड्डी घेऊन आले होते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, चार ढीग टेबलावर मांडले आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांची फेरी आली. सरांनी गड्डी हजेरीपटाखाली सरकवली. सगळा वर्ग हसला, मी हसले नाही. आमच्या घरात पत्ते वर्ज्य होते. सुट्टीत मामाकडे गेलं की झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, सगळं चालायचं. पण मुरबाडला आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत एक पान यायचं नाही.

कारण म्हसा. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा तुम्हाला काय सांगायची? घोंगड्या, पाळणे आणि बैलबाजार. मी तिसरीत असताना माझा धाकटा काका बैलजोडी विकायला जत्रेत गेला. जोडी विकली गेली. भावही चांगला आला म्हणे. काका मात्र तिसऱ्या दिवशी, रिकाम्या खिशाने आणि कुणाच्या तरी उसन्या चपला घालून घरी आला. त्या वर्षीची नांगरणी भावकीतल्या बैलांवर झाली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला एक शब्द विचारला नाही. फक्त घरातली गड्डी चुलीत घातली.

अशा घरातली मी. इंजिनिअरिंग केलं, दोन-तीन नोकऱ्या झाल्या आणि मग एका ऑनलाइन पत्त्यांच्या कंपनीत लागले. रमी आणि पोकर. नाव सांगत नाही, कंपनी आता तशी उरलेलीही नाही. माझं पहिलं काम होतं पानं पिसणाऱ्या प्रोग्रॅमची तपासणी. हे काम फार सुंदर आहे हो. बावन्न पानं किती क्रमांनी लागू शकतात? ती संख्या अडुसष्ट आकडी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही संगणक तज्ज्ञांनी एका ऑनलाइन पोकरचा पिसण्याचा प्रोग्रॅम फोडून दाखवला होता. तो मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून पानं पिसायचा. म्हणजे एका दिवसात ८ कोटी ६४ लाखच शक्यता. अडुसष्ट आकडी संख्येपुढे हे म्हणजे भातसा धरणापुढे तांब्या. घड्याळ जुळवलं आणि आपली दोन पानं व समोर उघडलेली तीन पानं बघितली, की सगळ्यांच्या हातातली पानं त्यांना कळत होती. तसं आमच्याकडे होऊ नये हे माझं काम. मी ते चोख केलं. आमची पानं कधीच लबाडीने पिसली गेली नाहीत, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

कंपनी लोकांना ऑनलाइन खेळवून त्यातल्या जिंकलेल्यांना गोव्याच्या मोठ्या स्पर्धांना पाठवायची. तिथे नोंदणीचं सॉफ्टवेअर बघायला मी चार वेळा गेले. दर वेळी आठ-दहा दिवस. आपल्याकडे पोकरच्या मोठ्या मालिका गोव्यातच भरतात, कारण जहाजावर असे खेळ चालवायला तिथल्या कायद्यात परवानगी आहे. पणजीला मांडवीच्या पात्रात ही जहाजं नांगरलेली असतात. धक्क्यावरून छोट्या लाँचने जायचं. ती दोन मिनिटांची लाँच मला फार आवडायची, कारण आत गेलं की मग ना खिडकी, ना घड्याळ. घड्याळ एकच, भिंतीवरच्या पडद्यावर उलटं मोजणारं: ही पातळी संपायला इतकी मिनिटं उरली. ती संपली की सक्तीने लावायचे पैसे वाढतात. म्हणजे नुसतं गप्प बसूनही माणूस हळूहळू संपत जातो.

हॉलमध्ये शिरलं की पहिल्यांदा आवाज येतो. शेकडो माणसं हाताशी असलेल्या चिप्स एका हाताने वर-खाली करत असतात. पत्र्यावर पावसाची बारीक भुरभुर पडावी तसा. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. सिगार नाही, पिस्तूल नाही. टोपीचा स्वेटशर्ट, कानात हेडफोन, शेजारी पाण्याची बाटली आणि भयंकर कंटाळा! चांगला खेळाडू दहातले आठ डाव पानं बघून टाकून देतो. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. आणि ते आले, समोरच्याकडे दोन राजे निघाले, सगळ्या चिप्स मध्ये गेल्या, तरी शंभरातून अठराच्या आसपास वेळा राजेच जिंकतात. सकाळपासून दहा तास सगळं बरोबर खेळलेला माणूस रात्री अकराला असा उठतो, खुर्ची मागे सारतो आणि बाहेर येऊन जो पहिला भेटेल त्याला तो डाव सांगतो. बऱ्याचदा तो पहिला मीच असायचे. लॅपटॉप घेऊन दाराशी बसलेली बाई. ऐकून घ्यायची मला सवय झाली. मुलाचे मार्क कमी आले की आई जशी ‘पेपरच कठीण होता’ सांगते, तसंच असतं ते.

तीन-चार जणांत एक खोली, पहाटे पाचला झोप, दुपारी उठून पोहे, परत लाँच. मला भेटलेल्यांत इंजिनिअर पुष्कळ, एक-दोन सीए. वहीत प्रत्येक दिवसाचा हिशोब लिहिणारी, दारूला न शिवणारी मुलं. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जोडीची स्पर्धा जिंकली होती. ते ब्रेसलेट भारताचं पहिलं. त्याची गोष्ट ही मुलं आपण ८३ च्या वर्ल्ड कपची सांगतो तशी सांगत. डोंबिवलीचा एक जण होता. त्याच्या आईला वाटायचं तो डेटा अ‍ॅनालिसिस करतो. ‘खोटं नाही मॅडम, तेच करतो,’ असं म्हणायचा. त्याला एकदा वीस लाखांचं बक्षीस लागलं. मी अभिनंदन केलं, तर त्याने नॅपकिनवर हिशोब मांडला. तीस टक्के कर आधीच कापला. उरलेल्यातले निम्मे, त्याची फी भरणाऱ्या भिडूंचे. मग मागच्या वर्षीची देणी. नॅपकिनच्या तळाशी एक लाखाच्या आत काहीतरी उरलं. ‘पण हरलो नाही ना,’ म्हणाला, आणि ते त्याने अगदी खरं वाटून म्हटलं.

डीलर मुली मात्र मला जास्त आवडायच्या. एक डिचोलीची होती. दर अर्ध्या तासाने टेबल बदलताना दोन्ही तळवे उलटसुलट दाखवायची, हात रिकामे आहेत म्हणून. गोव्याच्या माणसाला या जहाजांवर नोकरी करता येते, पण २०२० पासून खेळायला बंदी आहे. ‘बरंच आहे ताई,’ म्हणायची, ‘मी दिवसभर पानं वाटते. घरी कोणी पत्ते काढले की मी झोपायला जाते.’

ती तासाला तीसेक डाव वाटायची. हा आकडा लक्षात ठेवा.

कारण आमच्या कंपनीत माझं दुसरं काम होतं दोन डावांमधला वेळ कमी करणं. तो मी नऊ सेकंदांवरून चारवर आणला. आधी पोकरला, मग रमीला. मला त्याचं बक्षीस मिळालं, काचेचं, घरी शोकेसमध्ये आहे. पिसायला वेळ नाही, वाटायला वेळ नाही, लाँच नाही, धक्का नाही, मांडवी नाही. आप्पांशी वाद व्हायचा तेव्हा मी सुप्रीम कोर्ट काढायचे. १९६८ मध्ये कोर्टाने म्हटलंय, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. आप्पा शांतपणे विचारायचे, ‘कौशल्य कोणाचं, आणि बैल कोणाचे?’

दोन वर्षांपूर्वी, गणपतीत, किन्हवलीकडची एक बाई आमच्या घरी आली. आईच्या ओळखीची. मुलगा पडघ्याच्या गोदामात कामाला. त्याने मोबाइलवर पावणेचार लाख घालवले होते, त्यातले बरेच कर्जाच्या अ‍ॅपवरून उचललेले. ‘तू कॉम्प्युटरवाली ना गं ताई, बघ ना हा गेम बंद करता येतो का.’ तिने फोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवर हिरवं टेबल. ते मी ओळखलं. पानं उडत येतात ना कडेने, ती कुठल्या क्षणी थांबतात हे मी ठरवलं होतं.

मी अ‍ॅप काढून टाकलं. खातं कसं बंद करायचं ते सांगितलं. हे मी केलंय, असं मात्र नाही सांगितलं. आई शेजारी भाजी निवडत होती, तिला माहीत होतं. तीही बोलली नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद पडले. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि आमचं हिरवं टेबल बंद. सर्व्हर बंद करणाऱ्यांत मीही होते. नोकरी गेली. मला कायदा चुकीचा वाटला का? वहीत हिशोब लिहिणाऱ्या त्या पोरांसाठी थोडा वाटला. त्यांनी खरोखर काहीतरी शिकून कमावलं होतं आणि ते एका दिवसात गेलं. कोणी गोव्याच्या जहाजावर गेले, कोणी क्लास घेतात. डोंबिवलीचा आता खरंच डेटा अ‍ॅनालिसिस करतो. पण पडघ्याच्या गोदामातल्या मुलाचं आणि त्यांचं सॉफ्टवेअर एकच होतं, आणि पैसा वरून खाली नव्हे, खालून वर जात होता. हे मला आकड्यांत दिसत होतं. रोज दिसत होतं.

दिवाळीनंतर मी किन्हवलीला गेले. स्कूटीवर, एकटी. ती बाई अंगणात भात वाळवत होती. मुलगा कामावर गेला होता. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. मी तिला सांगितलं, तो खेळ बनवणाऱ्यांत मी होते. तिने हातातला भात खाली टाकला, पदराला हात पुसले.

‘पैसे परत मिळतात काय गं?’

नाही म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली, आणि आतूनच विचारलं, ‘चहात साखर घालू ना?’