आधी टेकू, मग दुर्बीण



दिवाळी झाली, फटाक्यांचा धूर निवळला, आणि आमच्या दौलताबादला रात्रीचं आकाश पुन्हा नीट दिसू लागलं. दरवर्षी याच दिवसांत पालक मला विचारतात, "मुलाला दुर्बीण घ्यायची आहे. किती पट मोठं दाखवणारी घेऊ?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. आधी टेकूची सोय करा, मग दुर्बीण घ्या. आजच्या माझ्या वेळात मी हेच सांगणार आहे आणि पुनःपुन्हा सांगणार आहे. कारण ऐकताना सगळे मान डोलावतात आणि दुकानात गेल्यावर विसरतात.

खोक्यावर पाचशे पट, सहाशे पट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. आत साठ मिलिमीटर भिंगाची नळी आणि काडीसारख्या तीन पायांचं स्टँड. साठ मिलिमीटरचं भिंग फार तर एकशे वीस पटीपर्यंत काम देतं. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धूसर होत जातं. आणि त्या स्टँडवर तर पन्नास पटीलाही चंद्र थरथरतो. मूल दोन रात्री डोळा लावतं, कंटाळतं, दुर्बीण माळ्यावर जाते. घरचे म्हणतात, पोराला गोडी नाही. अहो, गोडी होती! टेकू नव्हता.

ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बायाबापड्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पीठ कितीही चांगलं असू द्या, काठवट डुगडुगत असेल तर भाकरीची कड फाटणारच. भिंग म्हणजे पीठ, टेकू म्हणजे काठवट. तव्यापेक्षा मोठी भाकरी कोणी थापत नाही, तशी भिंगाच्या ऐपतीपेक्षा जास्त पट मागू नये. आणि तवा तापायच्या आत भाकरी टाकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. दिव्याच्या उजेडातून बाहेर आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला की तवा पुन्हा गार!

तर घ्यायचं काय? दोन डोळ्यांची साधी दुर्बीण, दहा बाय पन्नास. तीन-चार हजारांत कामापुरती मिळते. पन्नास मिलिमीटरचं भिंग आपल्या डोळ्याच्या पूर्ण उघडलेल्या बाहुलीच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करतं. पण दहा पट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही दहा पट होतो. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिलेले गुरूचे चंद्र याच दुर्बिणीतून दिसतात. नुसत्या हातात धरली तर गुरूभोवती ठिणग्या नाचल्यागत वाटतं. तीच गच्चीच्या कठड्यावर टेकवा, आणि एका ओळीत दोन, तीन, कधी चारही ठिपके स्थिर उभे राहतात. भिंग तेच, पैसे तेवढेच.

टेकू विकतच आणायला हवा असंही नाही. लहान पिशवी किलोभर ज्वारीने निम्मी भरा, तोंड शिवून टाका. कठड्यावर ठेवली की दुर्बीण तिच्यात रुतून बसते. कुंच्याचा लांब दांडा जमिनीवर उभा धरून त्यावर दुर्बीण टेकवा. डोक्यावरचं पाहायचं असेल तर अंगणात बाज टाका, आडवे व्हा, कोपरं बाजेच्या गातांवर टेकवा. बऱ्याच दुर्बिणींना पुढच्या बाजूला, मधल्या बिजागरीपाशी झाकणाखाली आटे असतात. तिथे एक काटकोनी पट्टी बसते आणि दुर्बीण कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर चढते.

ही माझी एकट्याची हेकेखोरी नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीत जॉन डॉबसन नावाचे संन्यासी होते. जुन्या जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून ते आरसे करत आणि पुठ्ठ्याच्या नळीत बसवत. आरसे तर न्यूटनच्या काळापासून होते. डॉबसनांनी भर घातली ती बैठकीत. प्लायवुडचं बुटकं, जड खोकं, जमिनीलगत, बोटाने ढकललं की सरकणारं आणि सोडलं की तिथेच थांबणारं. आज जगभर हौशी निरीक्षक त्या बैठकीला त्यांच्याच नावाने ओळखतात.

आणि आपलं घर तरी किती जुनं आहे या विद्येचं! देवगिरीच्या, म्हणजे आपल्याच दौलताबादच्या, सिंघण यादवाच्या दरबारी चांगदेव हा मुख्य ज्योतिषी होता, भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे सापडला आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या यंत्राध्यायात मोठमोठी यंत्रं सांगितली, आणि शेवटी बुद्धिमान माणसाच्या हातातल्या साध्या काठीला सगळ्यांत वरचा मान दिला. काठीच्या टोकाशी डोळा ठेवून आकाश मोजणाऱ्याचा हात स्थिर असावाच लागतो.

आता दौलताबादपुरतं बोलतो. किल्ला संध्याकाळी बंद होतो, तेव्हा रात्री आत जायचा हट्ट नको. गच्ची पुरे. आग्नेयेला छत्रपती संभाजीनगर शहराचा उजेड आहे, दक्षिणेकडे वाळूजच्या कारखान्यांचा. उत्तरेला, खुलताबाद-वेरूळच्या डोंगराकडे, अजून बरा अंधार आहे. ध्रुव तिकडेच, क्षितिजापासून वीस अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवा, तिथे. या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उंच पाहिलं तर देवयानी दीर्घिका सापडते. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर, आणि टेकवलेल्या दुर्बिणीतून लांबट धुरकट पुंजका दिसतो. मृग मात्र उगवताना शहराच्या उजेडात असतो. तो वर चढेपर्यंत थांबा. मग बाणाखालच्या बारीक ताऱ्यांमधला मधला पाहा. तो तारा नाही, तेजोमेघ आहे.

फोटोचं थोडक्यात सांगतो. मोबाइल पुरतो. पण दुर्बीण टेकूवर आणि मोबाइलही पट्टीने घट्ट बांधलेला हवा. बटण बोटाने दाबू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा किंवा इअरफोनचं बटण वापरा. दाबताना बसलेला धक्का फोटोत उतरतो. चंद्राचा फोटो लोक पौर्णिमेला काढतात आणि चंद्र सपाट पांढरा येतो. त्या दिवशी ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला काढा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी करत जा, विवरं उघडत जातील. ताऱ्यांसाठी मोबाइल ज्वारीच्या पिशवीवर आकाशाकडे तोंड करून ठेवा आणि वीस सेकंदांपर्यंत उघडा राहू द्या. त्याहून जास्त ठेवलात तर पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघोट्या होतात. रेघोट्याच हव्या असतील तर ध्रुवाकडे रोखून तासभर एकामागून एक फोटो घ्या आणि ते एकावर एक चढवा. तासाला पंधरा अंशांची कमान मिळते. इथेही तेच, तासभर मोबाइल केसभर हलता कामा नये. भाकरी घाईने उलटली की तुटते.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. दुर्बीण सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा वळवायची नाही. डोळा कायमचा जातो. दुर्बीण दिवसा मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदींबद्दलही सांगायचं होतं. त्यांची तेजस्विता बदलत राहते, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ती वहीत मांडता येते, आणि हौशी माणसांच्या अशा नोंदी शास्त्रज्ञांच्या खऱ्या उपयोगाच्या... पण मला खूण झाली आहे, वेळ संपत आला.

तेव्हा एवढंच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींना आकाश दाखवत आली आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही एमजीएमचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे. विकत घेण्याआधी अशा ठिकाणी एकदा डोळा लावून पाहा. येत्या शुद्ध अष्टमीला ज्वारीची पिशवी शिवून कठड्यावर ठेवा, शेजाऱ्यांकडून दुर्बीण मागून आणा, आणि मुलांना चंद्र दाखवा. पैसे खर्च करायचेच असतील तर त्यातले निम्मे स्टँडसाठी राखून ठेवा. आधी टेकू, मग दुर्बीण.