बुडत्या कंपनीची तिजोरी

आमच्या मुरुडच्या वाड्यांत नारळ-सुपारीबरोबर आणखी एक पीक येते. ते म्हणजे मुंबईहून निवृत्त होऊन परतलेली प्रतिष्ठित मंडळी! सरळ माणसे, गावात शब्दाला वजन. म्हणून कुणी नवी कंपनी काढली की तो हमखास यांच्या ओटीवर येऊन बसतो. "काका, तुम्ही काही करायचं नाही. संचालक मंडळात फक्त नाव असू द्या."

माझ्या काकांनी असेच नाव दिले होते. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. कंपनी आंब्याचा रस डबाबंद करण्याची होती. तीन हंगाम बरे गेले. चौथ्यात माल पडून राहिला, बँकेचे हप्ते थकले आणि उधारीवर आंबा घातलेल्या बागायतदारांना "पुढच्या महिन्यात बघू" असे उत्तर मिळू लागले. त्याच सुमारास मुख्य संचालकाने एका संध्याकाळी तीन चेक सहीला आणले. एक त्याच्या मेहुण्याच्या कर्जाचा, दुसरा त्याच्या स्वतःच्या कर्जाचा, तिसरा काकांनी कंपनीत ठेवलेल्या ठेवीचा. काकांनी तिन्हींवर सही केली. चार महिन्यांनी कंपनी बंद करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि यथावकाश लिक्विडेटरची नोटीस मुरुडला येऊन पोचली.

काका म्हणाले, "अरे, माझेच पैसे मला मिळाले. यात चोरी कसली?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. देणे खरे होते, ठेवीची पावतीही होती. मग चुकले कुठे? हिशेबच करू. समजा, कंपनीची देणी शंभर रुपये आहेत आणि तिजोरीत चाळीसच आहेत. सारखे वाटले तर प्रत्येकाला रुपयामागे चाळीस पैसे मिळतील. पण त्यातल्या एका जवळच्या माणसाचे वीस रुपये आधी पुरते चुकते केले, तर राहिलेल्या ऐंशी रुपयांच्या देण्याला वीसच उरतात, म्हणजे रुपयाला चार आणे. मधले पंधरा पैसे गेले ते आंबा देणाऱ्याच्या खिशातून. (बँकेचे तारण, कामगारांचा पगार यांचे क्रम कायद्याने वेगळे लावले आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू.) कंपनी चालती असते तोवर कुणाचे देणे आधी द्यावे हा चालकांचा प्रश्न. तिचे दिवाळे वाजू लागले की त्या तिजोरीकडे सगळ्याच धनकोंची म्हणून पाहावे लागते.

काकांच्या वेळी १९५६ चा कंपनी कायदा होता. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत एखाद्या धनकोला झुकते माप दिले असेल, तर ते देणे रद्द होऊ शकत असे. मात्र तसे माप देण्याचा हेतू दाखवावा लागे. शिवाय कंपनीचा पैसा गैर रीतीने वापरणाऱ्या संचालकाकडून तो व्याजासह भरून घेण्याचा अधिकार न्यायालयाला होता. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हा फास आणखी आवळला. आता परक्याला दिलेल्या पैशाबाबत एक वर्ष आणि संचालक, त्यांचे नातेवाईक अशा संबंधितांबाबत दोन वर्षे मागे जाऊन पाहता येते. हेतूही शोधावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. रोजच्या धंद्यातले देणे, डबेवाल्याचे वा डिझेलचे बिल, यातून सुटते. ते योग्यच, नाहीतर अडचणीतली कंपनी एक दिवस चालवता यायची नाही. पण कंपनी आता सावरत नाही हे ज्याला कळले होते, किंवा कळायला हवे होते, आणि तरीही धनकोंचे नुकसान कमी करण्यासाठी ज्याने योग्य ती दक्षता घेतली नाही, त्या संचालकाला स्वतःच्या खिशातून भर घालण्याचा हुकूम होऊ शकतो.

"कळायला हवे होते" हे शब्द आमच्या ओटीवरच्या मंडळींनी नीट ऐकावेत. बुडालेल्या सुप्रीम बँकेच्या संचालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७३ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की, कारभाराशी दीर्घकाळ निकटचा संबंध असलेल्या संचालकाला, वरवर पाहणाऱ्यालाही दिसेल अशा गोष्टीकडे डोळेझाक करून सुटता येणार नाही. त्यातले एक संचालक, तेंडोलकर, तोवर निवर्तले होते. तरी त्यांच्या वारसांकडे आलेल्या मिळकतीपुरती जबाबदारी कायम राहते, असे ठरले. वकिलांनी हे सांगितले तेव्हा काकू दाराआडून ऐकत होत्या. राहते घर जाणार काय, एवढेच त्यांनी विचारले.

राजीनामा दिला की झाले, असेही पुष्कळांना वाटते. मागच्या सह्या राजीनाम्याने पुसल्या जात नाहीत. संशय आला की हिशेब मागावा, विरोध सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि चेक परत करावा. गावात थोडे वाईटपण येते, हे मान्य.

घर वाचले. काकांनी ठेवीचे पैसे व्याजासकट परत केले. सुपारीचे दोन हंगाम त्यात गेले. दुसरे दोघे कोर्टात भांडत राहिले. मी एकदा काकांना म्हटले, "तुम्हांला काही ठाऊक नव्हतं, असं सांगायचं होतं." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठाऊक होतं रे. म्हणून तर त्या संध्याकाळी इतक्या घाईनं सही केली."

त्यानंतर ते कुठल्याच मंडळावर बसले नाहीत. देवीच्या उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब तपासायला तेवढे जात. पण एकही पावती कमी असली, तरी सही करीत नसत.