नोटीस म्हणजे निकाल नव्हे
(भुसावळ येथील भाषण)



मी गोदीत गोणी उचलतो, मॅट्रिक आहे, कविता लिहितो. वकील नाही. पण नोटिशीचा कागद आला की आपला माणूस बोचकं बांधायला लागतो, म्हणून बोलतो.

खाजगी घराला १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडं थकलं तरी नोटीस दिल्यावर ९० दिवस मालकाला त्यासाठी दावा लावता येत नाही. समन्स आल्यावरही ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज अन् खर्च कोर्टात भरला, तर तेवढ्या कारणावर घर जात नाही. मालक पावती देत नाही? गुन्हा आहे. नळ-वीज तोडतो? कलम २९ खाली अर्ज टाका. 'घर मलाच पाहिजे' म्हणतो? मग अडचण कुणाची मोठी, हे कोर्टानं तोलायचं.

रेल्वेच्या जागेला हा कायदा चालत नाही. तिथं १९७१चा सार्वजनिक जागांचा कायदा. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. खाली करण्याचा हुकूम निघाला तर १२ दिवसांत जिल्हा न्यायाधीशाकडं अपील करा.

१९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं मानलं, की निवारा गेला तर पोट जातं. तरी फूटपाथवर राहायचा हक्क काही मिळाला नाही. म्हणून तारीख चुकवू नका.

अनुसूचित जाती-जमातींना अन् बायांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा. बोचकं सोडा, कागद घेऊन कोर्टाची पायरी चढा!