पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा?
(यवतमाळ जिल्ह्यातल्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो. डॉक्टर नाही. पण मरणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

तुमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. 2017 च्या पावसाळ्यात हे औषध कपाशीवर मारता मारता या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. कोण होती ती? शेतमजूर आणि लहान शेतकरी. 2020 साली इथल्या 51 कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी बाझेलच्या कोर्टात गेले. कंपनी म्हणते, आमच्या मालामुळे झालं नाही.

आता मुद्दा ऐका. औषध कपाशीचं असो की माणसाचं, त्यानं काय अपाय होतो याचे कागद सरकारपुढे ठेवते ती कंपनीच. 1968 चा कीटकनाशक कायदा घ्या, नाहीतर 2019 चे नव्या औषधांचे नियम घ्या. सरकारी समिती तपासते, पण तपासते कंपनीने आणलेले कागद. खर्च तिचा, म्हणून प्रश्नही तिचे. आरोपीनेच पंचनामा लिहायचा, असला हा कारभार!

आणि हा पैसा कोणत्या डॉक्टरांकडे जातो? अमेरिकेत 2014 पासून ते नावानिशी जाहीर होतं. त्या नोंदींवरच्या अभ्यासांत दिसलं, की तज्ज्ञ बायांना तज्ज्ञ पुरुषांपेक्षा कमी पैसा मिळतो. आपल्याकडे हे खातं लोकांपुढे उघडायचा कायदाच नाही. झाकली मूठ!

आपली पोरगी तज्ज्ञ व्हायला निघाली तर? डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल समाजातली, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला गेली. 22 मे 2019 ला तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाला, असं आईने सांगितलं. खटला भरला गेला तो वरिष्ठ डॉक्टर बायांवरच. तेव्हा खुर्चीत बाई बसली की झालं, असं समजू नका. जात कुठे गेली?

कुणी म्हणेल, कंपनीच्या पैशात बायांना निम्मा वाटा द्या. मी म्हणतो, ताट कंपनीचंच राहिलं तर घास वाटून काय होणार? जी बाई फवारणीला पाणी भरते, औषध कालवते, फवारलेल्या वावरात निंदते, नवऱ्याचे विषाने भिजलेले कपडे धुते, तिच्या पोटातल्या लेकराचं काय होतं? कंपनी हा प्रश्न आपणहून कशाला विचारील? उत्तर तिलाच महाग पडेल.

म्हणून संशोधनाला पैसा सरकारचा हवा. कंपनी-डॉक्टरांचं खातं उघडं हवं. आणि प्रश्न ठरवणाऱ्या खुर्चीत दलित-आदिवासी बाई हवी.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. जून 2009 पासून माणसांवरची प्रत्येक औषधचाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. पैसा कोण देतो तेही त्यात लिहिलेलं असतं. ती नोंद उघडा, वस्तीत वाचून दाखवा. कुणी तुमच्या आईचा अंगठा मागायला आला, तर आधी विचारा: पैसा कोणाचा?

जय भीम.