वही ते ग्रंथ

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बपेरा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या खोऱ्यातील या गावी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी मोठा विद्वान नव्हे. आपल्या घरातील लिहिलेले व गायिलेले धन जगापुढे कसे जावे, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझे काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी आयुष्यभर बायाबापड्यांच्या तोंडून लग्नाची व जात्यावरची गाणी ऐकून एका जाड वहीत उतरून ठेवली. त्यांच्या पश्चात ती वही पेटीत पडून राहिली. आम्ही पेटी उघडली तेव्हा निम्मी पाने वाळवीने खाल्ली होती. काकांनी परिश्रमात कसूर केली नव्हती. परंतु ती वही तपासणारा संपादक, दुसऱ्या भाषेत नेणारा अनुवादक आणि छापणारा प्रकाशक यांपैकी एकाशीही त्यांची गाठ पडली नाही.

ही गाठ पडली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. त्या लीळाचरित्रात नीळभट भांडारेकार या भक्ताचे नाव येते. तो आपल्या भंडाऱ्याचा. महानुभावांचे ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले व कित्येक शतके मठांबाहेरच्या वाचकास ते अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले, डॉ. वि. भि. कोलते यांनी पोथ्या ताडून या वाङ्मयाचे संपादन केले. त्याच म्हाइंभटांचे ऋद्धिपूरचे गोविंदप्रभुचरित्र ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने इंग्रजीत नेले व ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. स्मृतिस्थळाचा अनुवाद तिने आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी मिळून १९९२ साली प्रसिद्ध केला. पोथी जपणाऱ्या महंतापासून परदेशी वाचकापर्यंतची ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी निखळली असती तरी तो ग्रंथ अंधारातच राहिला असता.

आता आपल्या घरची गोष्ट. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या सहाव्या खंडात आपल्या पोवारीची नोंद आहे. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या बोलींत करवून जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांच्याकडे पाठविली जाई. पुढे १९१६ साली रसेल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. रसेल यांना मात्र तो पाहावयास मिळाला नाही. आदल्याच डिसेंबरात त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात बुडविले गेले. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साहाय्यक म्हणून रायबहादूर हिरालाल यांचे नाव आहे; माहिती पुरविणारे तहसीलदार व शाळातपासनीस तळटीपांत सापडतात. पण ज्यांनी ओसरीवर बसून आपल्या चालीरीती सांगितल्या, ते आपले पूर्वज त्यात कोठेच नाहीत. शब्द त्यांचे, ग्रंथ दुसऱ्याचा, असा तो काळ होता.

आज स्थिती पालटली आहे. खेड्यातला अभ्यासकही आता घरबसल्या दूरच्या संपादकास लिहू शकतो. इंग्लंडातील इनास्प या संस्थेने २००७ साली ऑथरएड हा उपक्रम सुरू केला व अननुभवी संशोधकांची अनुभवी मार्गदर्शकांशी विनामूल्य गाठ घालून देण्याची सोय केली. गांधीनगरच्या शोधगंगा या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध कोणासही वाचावयास मिळतात. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकास मिळू लागला. आपल्यात पटले, बिसेन, रहांगडाले या आडनावांची घरे गावोगाव आहेत. एकाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत, यासाठी तो क्रमांक फार उपयोगी आहे.

परंतु जेथे जत्रा तेथे खिसेकापूही असतात. माझ्या पुतण्याने काकांच्या वहीवर एक लेख लिहून एका नियतकालिकाकडे पाठविला. दोन दिवसांत स्वीकृतीचे पत्र आले आणि पाठोपाठ पैशाची मागणी. लेख कोणी वाचलाच नव्हता. छापताना निम्म्या ओव्यांतला ळ हा ल झाला. मुलाखतीत तो लेख जमेस धरला गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विश्वासार्ह नियतकालिकांची यादी करण्यास आरंभ केला होता, ती योजना २०२५ साली बंद झाली. म्हणजे पारख करण्याचे दायित्व आता आपल्यावरच अधिक आहे.

पुढे त्याच पुतण्याला अशाच एका जाळ्यातून एक खऱ्या संपादिका भेटल्या. त्यांनी स्तुतीचे एक अक्षर लिहिले नाही. उलट तेवीस प्रश्न धाडले. हे गाणे कोणी गायिले? कोणत्या गावी? हा शब्द पोवारीचा की मराठीचा? उत्तरे वहीत नव्हती. ती माझ्या काकूंपाशी होती. ऐंशी वर्षांच्या काकूंनी खाटेवर बसून वाळवीने खाल्लेल्या ओळी एकामागून एक म्हणून दाखविल्या, आणि म्हणाल्या, "बाबा, इतकी वर्षे घरात कोणी विचारलेच नाही." मंडळी, ते शब्द माझ्या जिव्हारी लागले. दूरच्या संपादिकेने आम्हांला आमच्याच घराचे दार दाखविले होते. लेख पुन्हा लिहिला गेला व त्यावर काकूंचे नाव गायिका म्हणून आले. त्यानंतर दोन पावसाळे त्या आमच्यात होत्या.

म्हणून मंडळास माझी तीन विनंत्यांची झोळी आहे. पहिली, घरोघरच्या वह्या, बह्या व जुनी पत्रे यांची नोंद करावी. दुसरी, समाजातील जे शिक्षक, प्राध्यापक, मुद्रक, अनुवादक आहेत त्यांची सूची याच स्मरणिकेत दरवर्षी छापावी, म्हणजे नवख्या मुलास कोणाचे दार ठोठवावे हे कळेल. तिसरी, कोणीही प्रकाशनासाठी पैसे भरण्यापूर्वी त्या सूचीतील एका जाणत्याचा सल्ला घ्यावा.

भगिनींनो, आपणांस एक वेगळे सांगणे आहे. गाणी आपल्या कंठात आहेत. विचारावयास कोणी आले नाही तर आपण होऊन सांगा. आणि तरुणांनो, जगाशी नाते जोडा. पण त्याआधी आज घरी गेल्यावर आजीजवळ वही घेऊन बसा.